व्हेंटिलेटर किती ते नंतर विचारा, आधी प्रॉन्ग्ज आहेत का ते विचारा: नवजात विभागाच्या खरेदीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या नवजात विभागांसाठी मशिनरी घेणारे, त्या मशिनरीचं स्पेसिफिकेशन लिहिणारे आणि फायलीवर शेवटची सही करणारे सगळे साहेब आणि मॅडम

विषय: फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या श्वासाच्या मशिनरीबाबत

स. न. वि. वि.

मी एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात काम करणारी बालरोगतज्ज्ञ. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका जिल्ह्याचा नाही आणि मेमोला खुलासा लिहीत बसायला मला वेळही नाही.

दर आढावा बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, व्हेंटिलेटर किती, चालू किती, बंद किती. डीपीडीसीतून, म्हणजे जिल्हा नियोजन समितीतून, पैसे आले की मार्चएण्डला व्हेंटिलेटरच येतात, लोकार्पण होतं, रिबीन कापली जाते, पेपरात फोटो येतो. चांगलंय, आम्हालाही हवेच आहेत. पण आजवर एकाही बैठकीत मला कुणी विचारलं नाही की तुमच्याकडे सगळ्यात छोट्या साइझचे नाकातले प्रॉन्ग्ज शिल्लक आहेत का, किती सीपॅपला, म्हणजे नाकातून हवेचा हलका दाब सतत देणाऱ्या मशीनला, ऑक्सिजन आणि हवा मिसळणारा ब्लेंडर जोडलाय, आणि रात्री दोन वाजता सीपॅपवरच्या बाळांमागे सिस्टर किती असतात. तुम्हाला वाटतं २६-२७ आठवड्यांच्या बाळाला कुठला श्वासाचा आधार द्यायचा हे आम्ही डॉक्टर बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी उभं राहून ठरवतो. निम्मं ते तुमच्या टेंडरमध्ये वर्षभर आधीच ठरून गेलेलं असतं. कपाटात जे असेल तेच बाळाला मिळणार, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, एवढंच मला सांगायचंय, पण ते जरा सविस्तर सांगते कारण फायलीत हे दिसत नाही.

आधी बाळ कसं असतं ते. पूर्ण दिवस म्हणजे ३७ आठवड्यांच्या पुढे. आमच्या भाषेत २८ च्या आत जन्मलेलं ते एक्स्ट्रीम प्रीटर्म. २६ आठवड्यांचं बाळ साधारण आठशे-नऊशे ग्रॅमचं असतं, मनगटाला ओळखीची पट्टी बांधली तर निसटून येते, चिकटपट्टी जोरात काढली तर तिच्याबरोबर कातडी येते. रडायला जोर नसतो. फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या अजून पुऱ्या तयार व्हायच्या असतात आणि त्या उघड्या ठेवणारा जो सरफॅक्टंट नावाचा पदार्थ असतो तो पुरेसा बनलेला नसतो. दुधाची रिकामी पिशवी धुवून ठेवली की आतून कशी चिकटून बसते, तसं प्रत्येक श्वास सोडला की फुप्फुस चिकटतं आणि पुढचा श्वास घ्यायला ते पुन्हा नव्याने उघडावं लागतं, मिनिटाला साठ-सत्तर वेळा. बाळ दमतं. कण्हतं, छाती आत ओढली जाते, आणि काही तासांत श्वास घेणंच सोडून देतं. हा आजार जुना आहे, १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं बाळ याच आजाराने दोन दिवसांत गेलं, आणि ते २८ च्या आतलंही नव्हतं, साडेचौतीस आठवड्यांचं होतं, दोन किलोच्या वर. सरफॅक्टंट कमी पडतो हे मेरी एलन एव्हरी यांनी चारच वर्षं आधी, १९५९ मध्ये दाखवलं होतं, पण तेव्हा द्यायला जगात कुणाकडेच काही नव्हतं.

मग १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेगरी आणि मंडळींनी एक साधी गोष्ट केली, बाळ स्वतः श्वास घेतंय ना, घेऊ दे, आपण फक्त हवेचा एक हलका दाब सतत आत ठेवू, म्हणजे श्वास सोडताना पिशव्या पूर्ण मिटणार नाहीत. तोच सीपॅप. त्यातला बबल सीपॅप तर अजून साधा, श्वास सोडायची नळी पाण्याच्या बाटलीत जितके सेंटिमीटर बुडवाल तितका दाब. सहा सेंटिमीटर बुडवली, सहाचा दाब. बस्स. बाटली, पाणी, नळी, गरम-दमट हवा, नाकात बसणारे दोन प्रॉन्ग्ज आणि टोपी. व्हेंटिलेटरच्या शेजारी ठेवलं तर हे सगळं गरिबाघरचं दिसतं आणि इथेच घोडं पेंड खातं, कारण जे गरीब दिसतं त्याचं लोकार्पण होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग मोठी हॉस्पिटलं व्हेंटिलेटर का लावतात. लावतात, आणि आम्हीही लावतो. पण सुरुवात कशाने करायची यावर मोठे अभ्यास झालेत आणि तुमच्या स्पेसिफिकेशन कमिटीत ते कुणी वाचलेत असं मला कागदांवरून तरी वाटत नाही. २००८ मध्ये कॉइन नावाचा अभ्यास आला, २५ ते २८ आठवड्यांची ६१० बाळं, जन्मल्यावर पाच मिनिटांनी स्वतः श्वास घेतायत अशी, अर्ध्यांना सीपॅप, अर्ध्यांना घशातून नळी टाकून व्हेंटिलेटर. मृत्यू किंवा फुप्फुसाचा जुनाट आजार, ज्याला आम्ही बीपीडी म्हणतो, सीपॅपवाल्यांत ३३.९ टक्के आणि नळीवाल्यांत ३८.९ टक्के. फरक आकडेशास्त्राच्या हिशोबात पक्का धरता येईल इतका नव्हता. आणि सीपॅपवाल्यांत फुप्फुस फुटून छातीत हवा साठायचं प्रमाण जास्त, ९ टक्के विरुद्ध ३ टक्के, त्यांनी दाबही ८ ठेवला होता. मग २०१० मध्ये सपोर्ट नावाचा अभ्यास, १३१६ बाळं, २४ ते २७ आठवड्यांची, तिथेही ४७.८ टक्के विरुद्ध ५१ टक्के. २०१३ मध्ये असे अभ्यास एकत्र मोजले तेव्हा हिशोब असा निघाला की २५ बाळांना नळीऐवजी सीपॅपने सुरुवात केली तर एक बाळ जास्त जगतं, तेही बीपीडीशिवाय.

पंचवीसात एक. मी काही सीपॅप म्हणजे जादू आहे असं सांगायला पत्र लिहीत नाहीये. पण हे एक बाळ स्वस्तातल्या रस्त्याने मिळतंय आणि महागातल्या रस्त्याने गमावतंय, हे तरी लक्षात घ्या. फुप्फुस इतकं कच्चं असतं की व्हेंटिलेटरने दिलेला प्रत्येक श्वास त्याला थोडा ओरखडा काढतो, नळीतून जंतू जातात, आणि एकदा नळी गेली की ती बाहेर काढणं ही वेगळी लढाई.

दुसरी बाजूही त्याच अभ्यासांत आहे. कॉइनमध्ये सीपॅपवर सुरू केलेल्या बाळांपैकी ४६ टक्क्यांना पहिल्या पाच दिवसांत नळी टाकावीच लागली. जवळजवळ निम्मी! म्हणजे "सीपॅप घ्या, व्हेंटिलेटर बंद करा" असा अर्थ काढाल तर तोही चुकीचा. अर्थ असा की पहिला आधार सीपॅप, तो नीट, आणि तो कमी पडतोय हे वेळेत ओळखणारं माणूस शेजारी, आणि कमी पडला तर पुढचं तयार. हे तिन्ही एकत्र विकत घ्यायला लागतं. तुमच्याकडे तीन वेगळ्या फायली असतात आणि त्यातली मशीनवाली तेवढी पळते.

मध्येच एक सांगते. मागे एक मुलगा, बाप म्हणजे, बाविशीचा असेल, ऊसतोडीवरून आलेला, कक्षाच्या दारात उभा. आत त्याची मुलगी, आठशे आणि थोडी वर, बबल सीपॅपवर. म्हणाला, "मॅडम, व्हेंटिलेटर आहे म्हणे तुमच्याकडं, मग लावा की. पैशाचं बघतो मी." म्हटलं दादा, पैशाचा प्रश्न नाही, इथं सगळं फुकट आहे, तिला आत्ता त्याची गरज नाही. तो बाटलीकडे बघत म्हणाला, "म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ठेवलंय व्हय माझं लेकरू?" आता याला काय बोलायचं. आमच्या सिस्टरने त्याला हात धुवायला लावले, गाऊन घातला, आत आणलं आणि दाखवलं, हे बुडबुडे बघा, हे थांबले की समजायचं कुठंतरी हवा निसटतीय, एक तर प्रॉन्ग्ज निघालेत नाहीतर तिनं तोंड उघडलंय, लगेच मला हाक मारायची. संध्याकाळी त्याची आई आली, बाळाची आज्जी, तिलाही त्याने तेच शिकवलं आणि ती म्हातारी काचेजवळ बसून "सिस्टर, बुडबुडं थांबलं" अशी हाक द्यायची, आणि बहुतेक वेळा बरोबर असायची. मला कौतुक वाटलं आणि रागही आला, कारण हे काम आज्जीच्या भरवशावर चालायला नको.

तर त्या प्रॉन्ग्जकडे येते. सीपॅप चालतो की नाही हे मशीनवर नाही, नाकावर ठरतं. प्रॉन्ग्ज नाकपुडीत नेमके बसले पाहिजेत, सैल असले तर हवा बाहेर आणि दाब शून्य, घट्ट असले किंवा मधल्या पडद्याला टेकले तर दोन दिवसांत तिथली कातडी लाल, मग काळी, मग पडदाच झिजतो आणि ते नाक पोराला जन्मभर तसंच घेऊन फिरावं लागतं. म्हणून साइझ लागतात, बाळाच्या वजनाप्रमाणे वेगवेगळे, आणि टोपी त्या डोक्याच्या मापाची लागते, कारण टोपी सरकली की प्रॉन्ग्ज सरकले. आमच्याकडे मशीनबरोबर जो सेट आला त्यात मोठे साइझ भरपूर आणि आठशे ग्रॅमवाला एकच. तो धुवून, जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरायचा, रबर कडक होईपर्यंत. नवीन मागवायचे तर इंडेंट म्हणजे मागणीपत्र, रिमाइंडर, पुन्हा इंडेंट, मग उत्तर येतं की हा आयटम रेट कॉन्ट्रॅक्टला नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो प्रकार आम्ही रोज बघतो. लाखाची मशीन, आणि काही रुपड्यांच्या नळीवाचून कोपऱ्यात कव्हर घालून उभी.

हाय फ्लोबद्दलही, म्हणजे नाकातल्या बारीक नळ्यांतून गरम-दमट हवा जोराने सोडतात त्याबद्दलही, बोलायला पाहिजे, कारण कंपन्यांची मंडळी हल्ली तेच घेऊन येतात आणि ते दिसायला सोपं आहे, पातळ नळ्या, नाकाला जखम कमी, सिस्टर खूश, आईला बाळाचा चेहरा दिसतो. मलाही आवडतं. पण पहिल्या दिवशी, पहिला आधार म्हणून, अतिकमी दिवसांच्या बाळाला ते सीपॅपच्या बदल्यात चालतं असं मानून खरेदी करू नका. २०१६ च्या हिप्स्टर अभ्यासात २८ आठवड्यांच्या पुढची बाळं होती, म्हणजे आमच्या या बाळांपेक्षा मोठी, तरी हाय फ्लोवर २५.५ टक्क्यांना ते पुरलं नाही, सीपॅपवर १३.३ टक्क्यांना. त्या बाळांना मागे सीपॅप तयार होता म्हणून निभावलं. व्हेंटिलेटरवरून उतरवल्यावर, जरा मोठं झाल्यावर, हाय फ्लोला जागा आहे. २६ च्या आतल्याला तिथेही मी हात आखडता घेते.

एनआयपीपीव्ही, म्हणजे सीपॅपच्या दाबावर मधूनमधून जादा श्वास, ते साध्या सीपॅपपेक्षा नळी टाळायला थोडं उजवं पडतं असं अभ्यास सांगतात, ज्यांच्याकडे त्याची मशीन आणि शिकलेली माणसं आहेत त्यांनी जरूर वापरावं. हाय फ्रिक्वेन्सी, म्हणजे मिनिटाला शेकडो अगदी छोटे श्वास देणाऱ्या व्हेंटिलेटरचं, ब्रोशर सगळ्यात चकचकीत असतं. पहिला पर्याय म्हणून साध्या, नीट चालवलेल्या व्हेंटिलेशनपेक्षा ते सरस आहे असं काही स्पष्ट दिसलेलं नाही, जिल्ह्याला ते देऊ नका.

ब्लेंडर. हा शब्द ऐकला की एकदा एका क्लार्क भाऊसाहेबांना मिक्सर वाटला होता, त्यांचा काय दोष. ब्लेंडर म्हणजे ऑक्सिजन आणि साधी हवा हव्या त्या प्रमाणात मिसळणारं यंत्र. त्याला ऑक्सिजनची लाइन लागते तशी मेडिकल एअरची पण लागते. सीपॅप आला आणि एअर कॉम्प्रेसर नाही, असं झालं की बाळाला शंभर टक्के ऑक्सिजन जातो, पर्यायच नसतो. बाहेरच्या जगात हवेत २१ टक्के असतो. जास्त ऑक्सिजनने या बाळांच्या डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात, त्याला आरओपी म्हणतात, आणि वेळेत लेझर किंवा इंजेक्शन नाही झालं तर बाळ आंधळं. जगलं पण आंधळं. सपोर्टमध्येच दुसरा अर्धा अभ्यास याच्यावर होता, रक्तातला ऑक्सिजन ८५ ते ८९ टक्के ठेवलेल्यांत गंभीर आरओपी ८.६ टक्के आणि ९१ ते ९५ ठेवलेल्यांत १७.९ टक्के. मग कमीच ठेवावा ना? नाही, कारण कमी ठेवलेल्यांत मृत्यू १९.९ टक्के आणि जास्तवाल्यांत १६.२. म्हणून आता साधारण ९० ते ९५ च्या मधल्या अरुंद पट्टीत बाळाला धरून ठेवायचं असतं, चोवीस तास, आणि आकडा वर गेला की ऑक्सिजन कमी, खाली गेला की थोडा वाढव, हे काम सिस्टरचा हात करतो. ब्लेंडर नसेल आणि पल्स ऑक्सिमीटरचा प्रोब लूज असेल तर ती काय करणार, मनातल्या मनात अंदाज? आपल्याकडे तर पाश्चात्त्य देशांच्या मानाने मोठी बाळंही आरओपीत सापडतात, म्हणून ३४ आठवड्यांच्या किंवा दोन किलोच्या आतलं प्रत्येक बाळ डोळ्याच्या डॉक्टरला दाखवायचं असा आपला नियम आहे. नियम छान आहे. ब्लेंडरविना सीपॅप वाटणं म्हणजे एका खात्याने आजार तयार करायचा आणि दुसऱ्या खात्याने तो तपासायचा.

सरफॅक्टंटची गोष्ट लांबली तर पत्र फारच वाढेल, पण ती सोडता येत नाही. जपानच्या फुजिवारा यांनी १९८० मध्ये तो पहिल्यांदा बाळांना देऊन दाखवला तेव्हापासून या आजाराचं रूप बदललं. आता पद्धत अशी की सीपॅपवर निदान सहाचा दाब आहे आणि तरी ३० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन लागतोय, म्हणजे थांबायचं नाही, सरफॅक्टंट द्यायचा, लवकर. आणि तो देण्यासाठी आता व्हेंटिलेटरला जोडावंच लागतं असं नाही, बाळ सीपॅपवर स्वतः श्वास घेत असतानाच एक बारीक कॅथेटर स्वरयंत्रातून आत सरकवून देतात, लिसा म्हणतात त्याला. २०२१ च्या ऑप्टिमिस्ट अभ्यासात, २५ ते २८ आठवड्यांच्या ४८५ बाळांत, मृत्यू आणि बीपीडी मिळून बघितलं तर फरक पक्का ठरला नाही, पण नुसता बीपीडी ४५.३ वरून ३७.३ टक्क्यांवर आला. हे करायला हात बसलेला लागतो आणि फ्रीजमध्ये व्हायल लागते. व्हायल हजारोंच्या घरात जाते, म्हणून त्या एका वेळी मोजक्याच येतात, मग एक्स्पायरी होईल या भीतीने स्टोअरवाले कमी मागवतात, आणि नेमक्या ज्या रात्री तीन बाळं येतात त्या रात्री एकच असते. उशिरा दिलेला सरफॅक्टंट म्हणजे वरातीमागून घोडं. ज्या जिल्ह्यात संपत आलाय त्याने जवळच्या मोठ्या हॉस्पिटलातून उसना घ्यायची काहीतरी अधिकृत सोय करा ना, आत्ता आम्ही ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर करतो.

कॅफिनचं फक्त एका ओळीत, श्वास विसरणाऱ्या बाळांना दिलं तर बीपीडी ४७ वरून ३६ टक्क्यांवर आला होता २००६ च्या अभ्यासात, आणि हे औषध सरफॅक्टंटच्या मानाने काहीच महाग नाही, तरी स्टॉकआउट.

आता तुमच्याकडे व्हेंटिलेटरचीच फाईल असेल तर तीही नीट करू. आठशे ग्रॅमच्या बाळाचा एक श्वास तीन ते चार मिलीचा असतो, किलोला चार-पाच मिलीच्या हिशोबाने. पाच मिलीची सिरिंजही भरत नाही. ठरलेली मिली मोजून देणारं व्हेंटिलेशन, म्हणजे व्हॉल्यूम गॅरंटी, नुसत्या दाबावर चालवण्यापेक्षा बाळांना कमी इजा करतं हे आता बऱ्यापैकी सिद्ध झालंय. त्यासाठी नळीच्या तोंडाशी एक छोटा फ्लो सेन्सर लागतो आणि तो खराब होतो, ओला होतो, बदलावा लागतो. तुमच्या टेंडरमध्ये मशीनबरोबर दोन सेन्सर आणि पुढे काहीच नाही. दोन सेन्सर गेले की तीच महागडी मशीन साध्या प्रेशर मोडवर चालते, आणि मग एवढी वरची घेतलीत कशाला? कोविडच्या लाटेत आमच्याकडे आलेली तर बहुतेक मोठ्या माणसांची, त्यांना तीन मिली म्हणजे काय ते कळतच नाही, पण रजिस्टरला "व्हेंटिलेटर: उपलब्ध" अशी त्यांचीही नोंद आहे. उंटावरून शेळ्या हाकायच्या असल्या की असंच होतं.

आणि हेही लक्षात असू द्या की केंद्राच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत जिल्ह्याच्या एसएनसीयूचं काम सांगताना व्हेंटिलेटर लागणारी बाळं त्यातून वगळली होती. ती वरच्या सेंटरला जायची. परिस्थिती बदलली, वरची सेंटर भरलेली असतात, म्हणून आम्ही ठेवतो. मग ठेवायचं असेल तर त्याप्रमाणे माणसं द्या. व्हेंटिलेटरवरच्या बाळामागे एक सिस्टर लागते, आमच्याकडे एका सिस्टरमागे किती बाळं असतात ते इथे लिहीत नाही, तुम्हीच एकदा न सांगता रात्री या. सीपॅपवर हात बसलेल्या सिस्टर कंत्राटी आहेत, त्यांचं कंत्राट दरवर्षी लोंबकळतं, नाहीतर मग बदली होऊन ऑर्थोच्या वॉर्डात जातात. सीपॅप शिकायला महिने लागतात, बदलीची ऑर्डर काढायला एक दुपार.

ज्या गोष्टी बाळ जन्मायच्या आधीच्या आहेत त्या तर सगळ्यात स्वस्त आणि त्यांचं कुठल्याच मशीनच्या यादीत नाव नाही. लवकर कळा आलेल्या आईला, बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून, डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं, ६ मिलिग्रॅम, बारा तासांनी एक, अशी चार, किंमत म्हणाल तर चहापाण्याची. २०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, बाळांचे मृत्यू २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले. पण हेही ऐका की त्याआधी २०१५ मध्ये एक मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्याकडचे नागपूर आणि बेळगाव हे भागही होते, तिथे गावपातळीवर सरसकट स्टेरॉइड वाढवलं तर एकूण नवजात मृत्यू कमी नाही झाले, थोडे वाढले आणि आयांना जंतुसंसर्गही जास्त झाला. म्हणजे कळा खरंच लवकरच्या आहेत का, दिवस नक्की किती, आणि बाळ आल्यावर त्याला सांभाळणारी जागा आहे का, हे नसेल तर स्वस्तातलं औषधही अंगावर येतं. हाच नियम मशीनला लागू आहे.

आणि त्या आईलाच आधी हलवा. २५ आठवड्यांचं बाळ पोटात असताना मेडिकल कॉलेजला पोचवणं आणि जन्मल्यावर १०८ मध्ये घालून पोचवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाहेरून येणारी बाळं थंडगार पडलेली येतात, नाकाशी नुसता ऑक्सिजनचा पाइप धरलेला, सीपॅप नाहीच. प्रवासात चालणारे छोटे सीपॅप आता बंगळुरात बनतात, आपल्या देशात. एखाद्या जिल्ह्यात, मेळघाटासारख्या लांब रस्त्यांच्या भागात, दोन गाड्यांवर ते लावून, त्या गाड्यांवरच्या डॉक्टरला प्रॉन्ग्ज बसवायला शिकवून वर्षभर बघा तरी काय होतं.

एक कडू गोष्ट पण सांगून टाकते, नाहीतर उद्या तुम्ही शंभर सीपॅप घ्याल आणि म्हणाल झालं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात १९९१ पासून २००५ पर्यंतच्या अशा बाळांची आठव्या वर्षी फुप्फुसं तपासली, २०१७ मध्ये छापून आलं. नळीचा वापर कमी होत गेला, सीपॅप वाढत गेला, आणि तरी मुलांची फुप्फुसं सुधारली नव्हती, शेवटच्या गटात तर श्वासाची ताकद आधीच्यांपेक्षा कमी भरली. तिथे पैसा होता, माणसं होती, ब्लेंडर होते. मला यातून एवढंच कळतं की नाकाला काय लावलं यावर सगळं नाही, ते किती दिवस, किती ऑक्सिजनवर, कुणाच्या देखरेखीखाली, हेही तितकंच. त्यामुळे मशीनचा ब्रँड कुठला यावर तुमच्या कमिटीत जी तासंतास भांडणं होतात ती बघून मला हसू येतं.

आपल्या राज्याला हे जमत नाही असं मी मानत नाही. १९८९ मध्ये सायन हॉस्पिटलमध्ये आशियातली पहिली मानवी दुधाची बँक सुरू झाली, गडचिरोलीत डॉ. बंग पती-पत्नींच्या सर्च संस्थेने गावातल्या बायकांना बाळाला पिशवी-मास्कने श्वास द्यायला शिकवलं आणि १९९९ मध्ये ते काम लॅन्सेटमध्ये छापून आलं. दोन्ही ठिकाणी आधी माणूस तयार केला, मग सामान आलं. आणि भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला काय झालं तेही आपल्याच राज्यात, दहा बाळं गेली आगीत, तेव्हा एकेका कक्षात मशीन वाढवताना वायरिंगवर किती लोड जातो, ऑक्सिजन भरलेल्या खोलीत प्लग कुठे आहेत, याचा हिशोब मशीनच्या फायलीत नसेल तर ती फाईल अपुरी आहे.

तेव्हा पुढच्या खरेदीत एवढं कराल का: प्रत्येक सीपॅपबरोबर ब्लेंडर, मेडिकल एअर, ह्युमिडिफायर आणि तीन वर्षांचे प्रॉन्ग्ज-टोप्या सगळ्यात छोट्या साइझपासून, हे एकाच ऑर्डरमध्ये, सुटं नाही. व्हेंटिलेटरला सेन्सर तसेच. बिघडलं तर ७२ तासांत दुरुस्त नाहीतर दंड, आणि तो दंड खरंच लावायचा. एसएनसीयूच्या सिस्टरच्या बदल्या निदान तीन वर्षं थांबवायच्या. आणि स्पेसिफिकेशन कमिटीत प्राध्यापक, इंजिनियर, अकाउंट्सवाले बसतातच, त्यांच्या शेजारी रात्रपाळी करणारी एक सिस्टर बसवा, तिला टीए-डीए द्या आणि मशीन पसंत करायच्या आधी तिच्या हातात प्रॉन्ग्ज द्या. ती दोन मिनिटांत सांगेल हे आठशे ग्रॅमला बसतील की नाही.

प्रॉन्ग्जच्या मागणीचं पत्र या पत्राला जोडत नाहीये. ते गेल्या वर्षीच पाठवलंय, आवक क्रमांक पडलेला आहे, तुमच्याच टेबलावर कुठंतरी असेल, बघून घ्याल.

कळावे,

आपली विश्वासू,
एका जिल्हा रुग्णालयातली बालरोगतज्ज्ञ